प्लूटोचा चंद्र: कॅरॉन, शॅरन की खारोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलांसाठी प्लूटोवर लेख लिहिताय, आणि त्याच्या सर्वांत मोठ्या चंद्राचं नाव मराठीत चार ठिकाणी चार तऱ्हांनी सापडलं. शॅरन, कॅरॉन, केरन आणि चॅरॉन. यांतलं बरोबर कोणतं, आणि ग्रीक पुराणातलं हे नाव बाकीच्या भाषा कसं लिहितात?

मी बरीच वर्षं विज्ञानाच्या पुस्तकांची भाषांतरं आणि संपादन करतो. गुरूच्या सगळ्या चंद्रांनी मिळून मला जेवढा त्रास दिला नसेल तेवढा या एकट्याने दिला आहे. म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. 'चॅरॉन' चूक. बाकीची तिन्ही रूपं कुठल्या ना कुठल्या तोंडी खरीच आहेत. मी स्वतः छापील मजकुरात 'कॅरॉन' लिहितो. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

'बरोबर उच्चार कोणता' या प्रश्नात आपण अडकतो, पण खरी अडचण लिपीची आहे. रोमन लिपीत लिहिणारा सी-एच-ए-आर-ओ-एन अशी सहा अक्षरं मांडतो आणि मोकळा होतो. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, पोलिश या चारही भाषांच्या पुस्तकांत तीच सहा अक्षरं दिसतात. फ्रेंच माणूस ती 'कारों' अशी वाचतो, पोलिश माणूस घशातून ख़ काढून 'ख़ारोन' म्हणतो, आणि इंग्रजीत तर दोन तट पडले आहेत. कागदावर मात्र सगळं शांत. देवनागरीला ही पळवाट नाही. पहिलं अक्षर लिहायचं म्हणजे श, क, ख, च यांतलं एक उचलावंच लागतं. त्यामुळे जी निवड युरोपीय लेखकाला कधी करावीच लागत नाही, ती आपल्याला पहिल्याच वाक्यात करावी लागते. तुम्हाला चार रूपं दिसली ती यामुळे. मराठी लेखक निष्काळजी आहेत म्हणून नव्हे. (निष्काळजीपणाही असतो. चॅरॉन हे रूप त्यातूनच आलं. इंग्रजी स्पेलिंगमधला सी-एच दिसला की 'च' लिहायचा, ही सवय.)

तेव्हा विचारायचं ते असं: हे नाव आपण कोणाच्या तोंडून घ्यायचं?

पहिलं तोंड ज्यांनी नाव ठेवलं त्यांचं. जेम्स क्रिस्टी हे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत काम करणारे खगोलशास्त्रज्ञ. २२ जून १९७८ रोजी ते प्लूटोची कक्षा आणखी नेमकी काढण्यासाठी त्याची छायाचित्रं मोजत होते. तेव्हा अशी छायाचित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेत. काही काचांवर प्लूटोचा ठिपका एका बाजूला फुगलेला दिसत होता. अशा काचा सदोष समजून बाजूला टाकायची रीत. पण शेजारचे तारे नीट गोल होते, फुगवटा फक्त प्लूटोला, आणि तोही ठरावीक काळाने जागा बदलणारा. तो काळ निघाला सुमारे ६.४ दिवसांचा, म्हणजे प्लूटोची प्रकाशमानता ज्या काळाने कमीजास्त होते तोच. अर्थात जवळून फिरणारा चंद्र.

नाव सुचवण्याचा मान शोधणाऱ्याचा. क्रिस्टींच्या पत्नीचं नाव शार्लीन, घरात 'शार'. त्यांनी त्या 'शार'ला प्रोटॉन-इलेक्ट्रॉनमधला 'ऑन' जोडला. सहकाऱ्यांचा कल 'पर्सेफनी'कडे, म्हणजे पुराणातल्या प्लूटोच्या राणीच्या नावाकडे होता. नाव पुराणातलं असावं अशी प्रथा, त्यामुळे 'शार-ऑन' टिकण्याची आशा कमी होती. मग क्रिस्टींनी शब्दकोश उघडला, तर त्यात खरोखरच त्या स्पेलिंगचा एक पुराणपुरुष निघाला: मेलेल्यांना नावेतून पाताळाच्या नदीपार नेणारा नावाडी. आणि प्लूटो तर पाताळाचा राजा! इतका चपखल योगायोग कादंबरीत लिहिला असता तर संपादक म्हणून मीच तो कापला असता. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची मान्यता जानेवारी १९८६मध्ये जाहीर झाली.

क्रिस्टी स्वतः अर्थातच 'शॅरन' म्हणत, कारण त्यांच्या मनात शार होती. अमेरिकेत प्लूटोवर काम करणाऱ्या अनेकांनी तोच उच्चार उचलला. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं तेव्हा चित्रफितींत सतत 'शॅरन' ऐकू येत होतं, ते याच मंडळींच्या तोंडून. याउलट ज्यांनी पुराणकथा आधी वाचल्या होत्या ते इंग्रजी वाचक नावाड्याला पूर्वीपासून 'केरन' म्हणतात, आणि चंद्रालाही तेच. म्हणजे इंग्रजीत भांडण आहे ते एका बाईच्या लाडक्या नावाचं आणि एका म्हाताऱ्या नावाड्याचं.

दुसरं तोंड मूळ ग्रीकांचं. इथे आपल्याला एक अनपेक्षित फायदा आहे. या नावाचं पहिलं ग्रीक अक्षर 'खी'. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा उच्चार महाप्राण होता, म्हणजे 'क'ला जोडून श्वासाचा झोत. आपला 'ख'! ग्रीकमध्ये क आणि ख, त आणि थ, प आणि फ या वेगवेगळ्या अक्षरांनी लिहायच्या वेगवेगळ्या जोड्या होत्या, अगदी आपल्यासारख्या. लॅटिनमध्ये ही महाप्राण व्यंजनं नव्हती. ग्रीक शब्द लिहायचे तर रोमनांनी क-त-पच्या पुढे एक 'एच' चिकटवला आणि सी-एच, टी-एच, पी-एच तयार केले. पुढे शतकानुशतकं वेगवेगळ्या भाषांनी त्या जोडाक्षरांना आपापले आवाज दिले. फ्रेंचांनी सी-एच मुख्यतः 'श'साठी वापरला, इंग्रजांनी 'च'साठी, आणि ग्रीक शब्दांपुरता 'क' दोघांनीही राखला. आज जो गोंधळ आहे त्याचं मूळ त्या एका 'एच'मध्ये.

देवनागरीत मात्र प्राचीन नाव जवळजवळ जसंच्या तसं उतरतं: खारोन. रोमन लिपीला दोन हजार वर्षांत जे नीट जमलं नाही ते आपण एका अक्षरात करतो. हे लक्षात आलं त्या दिवशी मी इतका खूश झालो की हातातल्या पुस्तकात सगळीकडे 'खारोन' करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत फिरवलं. त्याचं कारण पुढे येईलच.

ग्रीसमध्ये हा म्हातारा अजून जिवंत आहे, पण त्याचं काम बदललं आहे. आजच्या ग्रीकमध्ये 'ख' घासून उर्दूतल्या ख़सारखा झाला आहे, आणि 'ख़ारोस' किंवा 'ख़ारोंदास' म्हणजे नावाडी नव्हे, थेट मृत्यूच. लोकगीतांत तो माणसं न्यायला येतो, आपल्याकडच्या यमदूतासारखा. प्राचीन इटलीतल्या इट्रस्कन लोकांनीही हे नाव ग्रीकांकडून फार पूर्वी घेतलं होतं. त्यांचा 'खारुन' थडग्यांच्या भिंतींवर हातोडा घेऊन उभा असतो. वल्हं गेलं, हातोडा आला. नावं भाषेची वेस ओलांडतात तेव्हा सगळं सामान बरोबर घेतातच असं नाही.

आता इतर भाषा. तुम्हाला सर्वांत विचित्र वाटेल ते इटालियन, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधलं 'कारोंते'. हा 'ते' कुठून आला? मराठी माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे सामान्यरूप आहे. 'घोडा'ला विभक्ती लागताना 'घोड्या' होतो: घोड्याला, घोड्यावर, घोड्याने. समजा एखाद्या परक्या भाषेने आपल्या बोलण्यातून हा शब्द उचलला आणि तिथे 'घोड्या' हाच मूळ शब्द होऊन बसला. नेमकं तसंच झालं आहे. लॅटिनमध्ये कर्ता असताना नाव 'खारोन', पण विभक्तीत अंग होतं 'खारोंत-'. लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी बहुतेक नामं या विभक्तीच्या अंगावरूनच घेतली, म्हणून कारोंते. इटालियन कवी दांते मात्र आपल्या महाकाव्यात, नरकाच्या तिसऱ्या सर्गात, त्याला 'कारोन' म्हणतो. म्हणजे इटालियनमध्येही दोन्ही रूपं नांदली आहेत, आणि कोणी कोणाला चूक म्हणत नाही.

याच कारणाने प्लूटोचीही गंमत झाली आहे. ग्रीकमध्ये राजा 'प्लूतोन' आणि नावाडी 'खारोन', दोघांच्या शेवटी न. लॅटिनने राजाचा न कर्तृपदी गाळला, नावाड्याचा ठेवला. इंग्रजीने लॅटिनचं ऐकलं आणि इंग्रजीचं आपण ऐकलं, म्हणून आपल्याकडे प्लूटो आणि कॅरॉन. फ्रेंच, स्पॅनिश, रशियन यांच्यात राजाचा न शाबूत आहे: प्ल्यूतों, प्लुतोन. आपल्यालाही तो भेटतो, फक्त प्लूटोनियममध्ये.

रशियनला आपल्यासारखीच निवड करावी लागते, कारण तिची लिपी वेगळी. तिने ग्रीकच्या जवळचा, घशातून येणारा ख़ घेतला: 'ख़ारोन'. जपानीत ख नाही, श आहे, तरीही त्यांनी क घेतला: 'कारोन'. कोरियनमध्ये तर आपल्यासारखा महाप्राण आहे, त्यांचं रूप ऐकायला 'खारोन'च्या जवळ जातं. हिंदीत 'शैरन' आणि 'कैरन' दोन्ही दिसतात.

चिनी खगोलशास्त्रज्ञांनी वादच मिटवला. त्यांच्याकडे चंद्रांना क्रमांक देतात. प्लूटो म्हणजे 'पाताळराजाचा तारा', त्यातलं पहिलं अक्षर घ्यायचं, 'रक्षक' या अर्थाचं अक्षर जोडायचं (चिनीत उपग्रह म्हणजे रक्षक-तारा) आणि पुढे एक, दोन, तीन. म्हणून हा नुसता 'मिंग-वेई-यी', पाताळ-रक्षक-एक. पुराणातल्या नावाड्याबद्दल बोलायचं असेल तेव्हाच ध्वनीवरून बेतलेलं नाव येतं, 'खारोंग'च्या जवळपास. तो 'पाताळराजाचा तारा' हा शब्द मुळात १९३०मध्ये जपानमध्ये होएई नोजिरी यांनी सुचवला आणि चिनीने तो घेतला. व्हिएतनामी भाषेने आणखी पुढे जाऊन प्लूटोला यमराजाचं नाव दिलं. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेला हा यम आपलाच.

हे वाचून तुमच्या मनात येईल की मग आपणही यम आणि त्याचा वैतरणीवरचा नावाडी असं का करू नये. माझं मत विरुद्ध आहे. अर्थ सांगायला वैतरणी उत्तम. मुलांना एका वाक्यात चित्र उभं राहतं. पण नाव म्हणून ते चालत नाही, कारण तेच मूल उद्या नकाशावर किंवा पडद्यावर ते नाव शोधायला जाईल आणि त्याला काहीच सापडणार नाही. मराठीने युरेनसला एकेकाळी शोधकर्त्यावरून 'हर्षल' केलं, ते पंचांगांत टिकलं, आणि आजही कितीतरी वाचकांना हर्षल व युरेनस एकच हे सांगावं लागतं. एक हर्षल पुरे.

इथवर आलेलं गोळा करू. 'श' म्हणतात ते क्रिस्टी आणि त्यांच्या वाटेने गेलेले लोक. 'क' किंवा 'ख' म्हणतं बाकीचं जग. 'च' कोणीच म्हणत नाही.

यातून मी 'क' निवडतो, कारण उद्या तुमच्या वाचकाने कुठल्याही दुसऱ्या भाषेत हे नाव ऐकलं तर 'क'वरून त्याला ओळख पटण्याची शक्यता जास्त. 'खारोन' मी परत फिरवलं ते यामुळे, की मराठीत ग्रीक नावं आपण आजवर इंग्रजीच्या वाटेने घेतली आहेत. टायटन लिहितो, तितान नाही. प्लेटो लिहितो, प्लातोन नाही. सगळ्या यादीत एकटा खारोन शुद्ध ग्रीक वेषात आला तर तो शुद्ध दिसत नाही, चुकीचा दिसतो. शेवट 'रन' न करता 'रॉन' करतो त्याला मात्र क्रिस्टींचाच आधार आहे. त्यांनी तो 'ऑन' प्रोटॉन-इलेक्ट्रॉनवरून घेतला होता, आणि मराठीत आपण प्रोटॉनच लिहितो, 'प्रोटन' नाही. उच्चार 'केरन' असूनही मी 'कॅरॉन' का लिहितो याचं हे उत्तर. 'केरन' लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, पण वाचकाच्या डोळ्यांना 'ऑन' हा शेवट विज्ञानातल्या शब्दांमुळे सरावाचा असतो.

तरीही काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. लेखाचा विषय न्यू होरायझन्स मोहीम असेल आणि मुलं लगेच मूळ चित्रफिती बघणार असतील, तर 'शॅरन'ची ओळख आधी करून द्या, नाहीतर पडद्यावर कोणाबद्दल बोलताहेत ते त्यांना कळणार नाही. विषय ग्रीक पुराण असेल, चंद्र नुसता उल्लेखापुरता, आणि बाकी नावंही तुम्ही ग्रीक वळणाने लिहीत असाल, तर 'खारोन' बेधडक लिहा. तिथे तो शोभतो. निवेदनासाठी, म्हणजे मोठ्याने वाचायला लिहीत असाल तर मी निवेदकाकडून दोनदा म्हणवून घेतो. 'कॅरॉनच्या कॅन्यनमध्ये'सारखं वाक्य कागदावर ठीक दिसतं, जिभेवर नाही.

पण काहीही निवडलं तरी ते शेवटपर्यंत एकच ठेवा. एकदा एका बालपुस्तकाची छपाई होऊन आली तेव्हा धड्यात 'शॅरन' होतं आणि आकृतीत 'कॅरॉन'. मजकूर एकाने तपासला होता, आकृत्या दुसऱ्याने, आणि दोन्ही हात माझ्याच सहीखाली. काही दिवसांनी एका मुलाचं पत्र आलं: प्लूटोला शॅरन आणि कॅरॉन असे दोन मोठे चंद्र आहेत का, आणि मग दुसऱ्याचा व्यास किती? उत्तर लिहिताना मान खाली गेली. व्यास एकाचाच, सुमारे १,२१२ किलोमीटर, प्लूटोच्या २,३७७च्या निम्म्याहून थोडा जास्त. त्यानंतर मी नावांची यादी आकृतिकाराला मजकुराच्या आधी देतो.

पहिल्या उल्लेखाला मी साधारण असं वाक्य टाकतो: 'प्लूटोचा सर्वांत मोठा चंद्र कॅरॉन; त्याचा शोध लावणारे क्रिस्टी त्याला शॅरन म्हणत.' एवढं पुरतं. मग क्रिस्टी आणि शार्लीनची गोष्ट सांगायची असेल तर वाट मोकळी होते. ही गोष्ट मुलांना सांगाच. नावाड्यापेक्षा तीच त्यांच्या लक्षात राहते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण लेख प्लूटोवर आहे म्हणून दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, 'कायरॉन' नावाची वेगळी वस्तू आहे. १९७७मध्ये, म्हणजे कॅरॉनच्या आदल्याच वर्षी सापडलेली, शनी आणि युरेनसच्या कक्षांच्या मधल्या भागात फिरणारी. तिचं नाव ग्रीक पुराणातल्या, अर्धा घोडा आणि अर्धा माणूस असलेल्या एका शिक्षकावरून आलं आहे. ग्रीकमध्ये दोघांचंही पहिलं अक्षर तोच 'खी', इंग्रजी स्पेलिंगमध्ये फक्त एका स्वराचा फरक. भाषांतर करताना डोळा चुकला की नावाड्याचा घोडा होतो. स्पॅनिशमध्ये हा धोका नाही, तिथे एक कारोंते आणि दुसरा किरोन.

दुसरी, प्लूटोच्या बाकीच्या चार चंद्रांची: निक्स, हायड्रा, केर्बेरोस, स्टिक्स. निक्सचं स्पेलिंग मुद्दाम 'आय'ने केलं आहे, कारण 'वाय'वालं नाव एका लघुग्रहाला आधीच दिलेलं होतं. रोमन लिपीत त्यामुळे दोन वेगळी नावं दिसतात. देवनागरीत दोन्ही 'निक्स', आणि याला माझ्याकडे इलाज नाही. गरज पडेल तिथे 'लघुग्रह निक्स' असं लिहितो. केर्बेरोसची गोष्ट उलट आहे. 'सर्बेरस' हे लॅटिन वळणाचं रूप एका लघुग्रहाला गेलेलं होतं, म्हणून २०१३मध्ये चंद्राला ग्रीक वळणाचं रूप दिलं. हा फरक आपल्या लिपीत स्वच्छ दिसतो, तेव्हा तिथे सवयीने 'सर्बेरस' लिहू नका. तसं लिहिलंत तर तुमचा चंद्र लघुग्रह होईल.